इमारतीला कुणी काही बोलायचं नाही

ती इमारत डावीकडे कलली होती, आणि हे तिच्यात राहणाऱ्यांखेरीज सगळ्यांना दिसत होतं. राहणाऱ्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. हातातून निसटलेलं काहीही, चेंडू म्हणा, लिंबू म्हणा, जिन्यावरून गडगडत शेवटी तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दारात येऊन थांबे. तेव्हा हरवलं म्हणून कुणी रडत नसे, शिंप्याकडून घेऊन येत असे. कपात चहा अर्धाच ओतायचा, हे नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. शिंपी तिथलाच, म्हणून विजारीचा एक पाय बोटभर आखूड शिवायचा. इमारतीतल्यांना ती चपखल बसे. बाहेरची गिऱ्हाइकं मात्र दुसऱ्यांदा फिरकत नसत, आणि शिंपी म्हणे, लोकांना हल्ली नीट उभं राहताच येत नाही.

तिसऱ्या मजल्यावर मास्तर राहत. शाळा सुटली होती, शिकवणं सुटलं नव्हतं. संध्याकाळी इमारतीतली सगळी पोरं त्यांच्या खोलीत जमत. त्यांत शिंप्याची धाकटी होती, जिला सगळे बटण म्हणत. शाळेने तिच्यापुढे हात टेकले होते. मास्तरांकडे ती आता कुठे अक्षराला अक्षर जोडू लागली होती. वाचताना श्वास रोखून धरी आणि शब्द संपला की सोडी, त्यामुळे लांब शब्दाला मास्तरांचाच जीव वरखाली होई.

एके दिवशी नगरपालिकेचा इंजिनियर आला. गच्चीवरून त्याने ओळंबा सोडला. दोरीच्या टोकाचं ते वजन खाली येऊन भिंतीपासून चांगलं हातभर लांब लोंबकळत राहिलं. इंजिनियरने मान हलवली आणि सांगितलं की महिनाअखेरीस इमारत पाडायची. सगळ्यांना दुसरीकडे घरं मिळतील, पण एकत्र नाही. जिथे जागा असेल तिथे.

मास्तरांनी आधी शिंप्याची जागा विचारली. शिंप्याला जागा मिळत होती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बटणचं वाचन पुन्हा होतं तिथेच जाणार.

गच्चीवर सभा भरली. कुणी म्हणालं लोखंडी खांबांचा टेकू द्या. कुणी म्हणालं समोरच्या इमारतीला साखळीने बांधा. पण समोरची इमारतही कललेलीच, उलट्या बाजूला. चौथ्या मजल्यावरचे वकीलकाका म्हणाले, इमारत सरळच आहे, जमीन तिरपी आहे, आपण जमिनीवर दावा लावू. मग समिती नेमायचं ठरलं, अध्यक्ष कोण यावरून भांडण जुंपलं आणि सभा संपली.

मास्तर खाली आले तर मास्तरीणबाईंनी टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती.

"तुमच्या सभा होत राहतील," त्या म्हणाल्या, "मला आज एकदा तरी भरून कप प्यायचाय."

मास्तर टेबलाकडे टक लावून बघत बसले.

"अहो, टेबल कधी पाहिलं नाही का?"

"सरळ उभं असलेलं नव्हतं पाहिलं," मास्तर म्हणाले. "आणि हे सरळ झालं तेव्हा कुठे कळलं, की खोली वाकडी आहे."

मास्तरांची शिकवण्याची एक रीत होती. पाठीला पोक काढून बसणाऱ्या पोराला ते कधी 'नीट बस' म्हणत नसत. त्याच्या चहूबाजूंनी ताठ बसणारी पोरं बसवत आणि धडा चालू ठेवत. त्या पोराकडे बघायचंसुद्धा नाही. दोन-चार दिवसांत त्याचं त्यालाच ओशाळं वाटे आणि पाठ सरळ होई. उभ्या नोकरीत ही रीत फसली नव्हती. फक्त ती इमारतीवर वापरून पाहिली नव्हती, इतकंच.

दुसऱ्या दिवसापासून पोरं पुठ्ठे कापू लागली. आधी मास्तरांच्या खोलीतला पलंग, मग शेजारची कपाटं, मग तळमजल्यावरची शिवणयंत्रं. मास्तरांची अट एकच: आपण सरळ राहायचं, इमारतीला कुणी काही बोलायचं नाही. लोक हसले, पण पुठ्ठ्याला काय जातंय, म्हणून सारत गेले. शिंप्याने विजारी उसवून दोन्ही पाय सारखे केले. माणसं जिन्यावरून ताठ चढू-उतरू लागली, आणि आठवडाभरात भिंतींतून हलकंसं कुरकुरणं ऐकू येऊ लागलं, अपराधी माणूस खाकरतो तसं. मग मास्तरांच्या हातून लिंबू पडलं, घरंगळलं, आणि दारापाशी जाऊन विचार करत थांबलं.

पण निम्मी सरळ होऊन इमारत अडली. कारण वकीलकाका. ते पुठ्ठा घेईनात. त्यांची आरामखुर्ची, त्यांची मान, त्यांची मतं, सगळं वर्षानुवर्षं डावीकडे झुकलेलं. सरळ बसलं की मला घेरी येते, म्हणत.

महिनाअखेर आली. गच्चीवरून पुन्हा ओळंबा सोडून, पाडणारी माणसं घेऊन इंजिनियर खाली उभा राहिला. सगळे वकीलकाकांना चार शब्द सुनवायला निघाले, तर मास्तर जिन्यात आडवे आले.

"कुणी काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "आजचा वर्ग काकांकडे."

पोरं काकांच्या खुर्चीभोवती ताठ बसली. काकांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मास्तरांनी बटणला धडा काढायला सांगितला. तिने श्वास रोखला आणि सुरुवात केली. शब्द लांबलचक होता. ती अर्ध्यावर अडली. कुणी सांगितलं नाही. काकांना राहवेना. तिचं बोट कुठल्या अक्षरावर आहे हे बघायला ते खुर्चीतून वाकले, मग पुस्तक नीट दिसेना म्हणून पाठ सरळ केली, आणि तिच्यासोबत त्यांनीही श्वास रोखून धरला.

बटणने शब्द पुरा केला. दोघांनी एकदमच श्वास सोडला. आणि त्याच क्षणी पायापासून गच्चीपर्यंत एक लांब कर्र्र झालं, खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि इमारत उभी राहिली.

खाली ओळंबा भिंतीला टेकला होता. इंजिनियरने तो हाताने बाजूला ओढून पुन्हा सोडला. मग विचारलं, नवा पाया घातलात का?

"पाया नाही," मास्तरीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "पुठ्ठा घातला. वर या, चहा टाकलाय, भरून देते."

पाडणारी माणसं परत गेली. बटण अजून रोज येते. आता वाक्य संपेपर्यंत श्वास धरते, त्यामुळे मास्तर छोटी वाक्यं निवडतात. मास्तरीणबाई म्हणतात की समोरची कललेली इमारत हल्ली जरा सावरून बसल्यासारखी दिसते.

मास्तर तिकडे बघतसुद्धा नाहीत.