माझ्या खोलीतलं इंटरनेट

सगळी नोकरी मी वीज मंडळात केली, आणि मला सांगतात की प्लगमधून इंटरनेट येतं! तन्मयला मी तोंडावर म्हणालो, "काहीतरीच काय बोलतोस!" तन्मय म्हणजे माझा मुलगा. सिंगापूरला बँकेत आहे. सून जाई, तीही बँकेतच, पण दुसऱ्या. सेंगकांगला अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, आणि त्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत मी, पद्माकर.

"येतं बाबा," तो म्हणाला. "दोन ॲडॅप्टर असतात. एक राउटरजवळच्या प्लगमध्ये लावायचा, दुसरा तुमच्या खोलीतल्या. मध्ये घरातली वायर आहेच. नवी केबल नको, की भोक पाडायला नको."

भोक पाडायचा प्रश्नच नव्हता. हॉल आणि माझी खोली यांच्या मध्ये बॉम्ब शेल्टर आहे. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये असतंच ते. लोखंडी दार, जाडजूड काँक्रीटच्या भिंती. युद्ध झालं तर आपण आत बसायचं. तोवर तिथे सुटकेसा, तांदूळ आणि क्षिप्राची जुनी सायकल बसते. क्षिप्रा माझी नात. त्या भिंतींना ड्रिल लावायची परवानगी नाही, आणि वायफाय त्यांच्या पलीकडे येत नाही. फरशीवरून केबल टाकू म्हटलं, तर जाई म्हणाली की पोर अडखळून पडेल. तेही खरंच होतं.

आता या वयात मला माझ्या खोलीत इंटरनेट कशाला हवं होतं? तर मला साताऱ्याला परत जायचं होतं.

माझी बायको साधना गेली तेव्हा तन्मय धावत आला, आणि तिचे दिवस झाल्यावर मला सोबत घेऊनच परतला. म्हणाला, "बाबा, तिथे रमलात तर घराचं पुढे बघू. नाही रमलात तर दिवाळीला मी स्वतः पोचवायला येईन." साताऱ्याचा फ्लॅट त्याच्याच नावावर आहे, मीच मोठ्या हौसेनं केला होता. शेजारच्या डॉक्टरांचा त्याच्यावर कधीपासून डोळा. मधली भिंत पाडून त्यांना दवाखाना मोठा करायचाय. किल्ली ठेवली होती निशिकांतकडे. निशिकांत माझा मित्र, त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो.

आणि मी काही रमलो नाही. अजिबात नाही! सकाळी दोघं ऑफिसला जातात, पोर शाळेत. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, चिनी म्हातारे पट मांडून बसतात. माझ्याकडे बघून हसतात, मीही हसतो, संपलं संभाषण. एलआरटीत, म्हणजे इथल्या छोट्या लोकलमध्ये, बसावं तर ती गोल फिरून परत सेंगकांगलाच आणून सोडते. हा काय प्रवास झाला? घरी यावं तर दारापुढे लोखंडी जाळी, जाळीमागे दार, दारामागे मी. काही कमी होतं म्हणाल तर तसंही नाही. जाई माझ्या गोळ्या वारानुसार डबीत भरून ठेवते. रविवारी तन्मय मला न विचारता लिटल इंडियात जाऊन अळूची पानं शोधून आणतो. अशा माणसांना कुठल्या तोंडानं सांगू, की तुमच्या घरात माझा जीव घुसमटतो? चहात साखर कमी पडली तर घर डोक्यावर घेणारा माणूस मी. पण ही एक गोष्ट ओठांवर आली की गिळून टाकायचो.

म्हणून निशिकांतला मध्ये घालायचं ठरवलं. त्यानं तन्मयला आपणहून म्हणायचं, "अरे, पद्माकरला पाठव, आमचं त्याच्यावाचून अडतंय." परस्पर झालं म्हणजे कुणाचं मन दुखवायला नको. आणि तोवर डॉक्टरांनी कितीही गोड बोलून मागितली तरी किल्ली द्यायची नाही. बस्, एवढंच त्याच्या कानावर घालायचं होतं. पण त्याचे कानच तर पंचाईत! फोनवर त्याला ओ की ठो कळत नाही, तो फोन त्याची बायको घेते. कॉम्प्युटरवर स्काइप लावून, कानांवर मोठे हेडफोन चढवून, माझा चेहरा समोर दिसला तर ऐकतो, तेही मी ओरडलो तर. शिवाय ते सगळं त्याला त्याचा मुलगा लावून देतो, म्हणजे संध्याकाळी नाहीतर रविवारी. नेमकी त्याच वेळी आमच्या हॉलमध्ये सगळी मंडळी हजर. तिथे कॉम्प्युटरपुढे बसून काय ओरडू? मला इथून सोडव म्हणून?

तेव्हा मी तन्मयला म्हणालो, "मला माझ्या खोलीत इंटरनेट पाहिजे." त्याचा चेहरा असा काही खुलला! लगेच जाईला हाक मारून सांगितलं त्यानं, "ऐकलंस का, बाबांना खोलीत इंटरनेट हवंय!" मला वाटलं, या पोराला नवीन यंत्र आणायचं निमित्त मिळालं.

दुसऱ्याच दिवशी सिम लिम स्क्वेअरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून त्यानं दोन ॲडॅप्टर आणले. साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डब्या, त्यांवर हिरवे दिवे. एक हॉलमध्ये टीव्हीमागे राउटरला जोडला, एक माझ्या टेबलाखाली. जाईचा जुना लॅपटॉप त्याला लावला, आणि काय सांगू, साताऱ्याचं हवामान भराभर उघडलं! मानलं बुवा, म्हटलं.

संध्याकाळी हॉलमध्ये बातम्या बघितल्या, उठलो, खोलीत आलो, दार लावलं, तर इंटरनेट गायब. तन्मयला हाक मारली. त्यानं खोलीतलं सगळं तपासलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, इकडे तिकडे फिरला, मग ते आपोआप आलं. पण तोवर निशिकांत जेवायला उठून गेला होता. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळीही तेच. "तुझं हे यंत्र भिकार आहे!" मी ओरडलो. "दिवसा चालतं आणि मी बसलो की मरतं!" बिचारा डब्या घेऊन परत दुकानात गेला, बदलून आणल्या. तरी आपलं तेच. आठवडा असाच गेला, आणि मी रोज त्याच्या नावानं शंख करत होतो.

शेवटी चोर पकडला क्षिप्रानं. बातम्या संपल्यावर मी उठलो तशी ती माझ्या मागेच उभी होती. "आजोबा! यू ऑफ द स्विच, लाह!" ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत किंचाळली.

खरंच की! इथे प्रत्येक प्लगला आपल्यासारखंच बटण असतं. खोलीतून उठताना सगळी बटणं खटाखट बंद करायची, ही माझी नोकरीपासूनची सवय. वीज फुकट जळताना मला बघवत नाही. राउटरच्या बटणावर जाईनं माझ्याच धाकानं चिकटपट्टी लावून ठेवली होती, पण ॲडॅप्टरच्या बटणावर नव्हती. म्हणजे माझं इंटरनेट रोज मीच बंद करत होतो, आणि थोड्या वेळानं टीव्ही लावताना जाई ती सगळी बटणं परत चालू करत होती, म्हणून तन्मयला ते आपोआप आल्यासारखं वाटत होतं! तो पोट धरून हसला. जाई हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. साधना गेल्यानंतर आम्ही सगळे एकत्र हसलो ते तेव्हाच.

मग रविवार आला. ॲडॅप्टरच्या बटणावर पट्टी लावली, खोलीचं दार लावलं, हेडफोन चढवले. समोर निशिकांत उमटला.

"पद्या! दिसतोस की रे लेका! बारीक झालास!"

"ते राहू दे," मी म्हणालो. "नीट ऐक. तुला एक काम सांगायचंय." पण मलाच काही ऐकू येईना. त्याच्या बाजूनं धाड धाड आवाज येत होता. "निशिकांत, आवाज कसला येतोय?"

"काय?"

"आवाज! धाड धाड! कसला?"

"मला कुठला ऐकू यायला!" तो हसला आणि मान वळवून आत ओरडला, "अगं, पद्माकर विचारतोय, आवाज कसला येतोय?" आतून काहीतरी उत्तर आलं. ते त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि परत माझ्याकडे वळला. "अरे, तुझ्याकडचाच तो. डॉक्टरांनी सकाळी माणसं लावली ना. मधली भिंत पाडतायत."

मी स्क्रीनच्या आणखी जवळ सरकलो.

"परवा तन्मयचा फोन आला होता," निशिकांत सांगत होता. "हिनंच घेतला. म्हणाला, काका, बाबा रमले इथे. त्यांना सरळ विचारलं तर चिडतात, नाहीतर आमच्यासाठी हो म्हणतील, म्हणून इतके दिवस वाट बघत होतो. आता त्यांनी स्वतःच्या तोंडानं खोलीत इंटरनेट मागून घेतलं. डॉक्टरांशी व्यवहार ठरवलाय, किल्ली देऊन टाका, बाबांना मी सावकाश सांगतो. हिला म्हटलं, पद्या सुखात आहे, अजून काय पाहिजे? वाईट वाटलं रे, पण बरंही वाटलं. आणि काळजी करू नकोस, वहिनींचा देव्हारा होता ना त्या भिंतीवर, तो मी आधीच काढून वर आणून ठेवलाय."

मी नुसती मान हलवली.

"बरं, तू काय सांगत होतास? काम काय ते?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज फोन केला."

"काय?"

"काही नाही!" मी ओरडलो. "काही नाही, काही नाही!"

मला उठून पळत सुटावंसं वाटत होतं. पण पळून जाणार कुठे? जायचं होतं ते घरच तिकडे पाडत होते, आणि एकेक घाव माझ्या कानात स्पष्ट पडत होता. हेडफोन काढायला हात वर नेला, पण काढवेनात. माझ्या घराचं तेवढंच तर उरलं होतं.

ओरडणं ऐकून तन्मयनं दार उघडलं. दारात उभा राहून आधी ॲडॅप्टरच्या हिरव्या दिव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर काय आशा होती त्याच्या!

"बाबा, आवाज नीट येतोय ना?"

"येतोय," मी म्हणालो.