मामाचा देखणा एक्स-रे

मामाच्या दवाखान्यात मामाचं कधीच काही चुकत नसे. चुकायचे ते पेशंट. रूट कॅनाल होऊन महिना उलटला तरी आईची दाढ ठणकत होती, आणि त्यातही चूक आईचीच होती.

"ताई, तुझी सहनशक्तीच कमी," मामा फोनवर म्हणाला. "उद्या ये, काढूनच टाकू. आणि तुझ्या डॉक्टरीणबाईंना एक्स-रे पाठवलाय. बघ म्हणावं, शिकायला मिळेल."

डॉक्टरीणबाई म्हणजे आईची लेक. रूट कॅनालचे एक्स-रे तपासून काम किती नीट झालंय ते ठरवणं, हेच हॉस्पिटलात तिचं सध्याचं काम. तिने एक्स-रे कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. दाढेच्या मुळात भरलेल्या रबराची पांढरी रेघ सलग, घट्ट, थेट टोकापर्यंत गेलेली. खोट काढायला जागा नव्हती.

"म्हणजे त्याचं बरोबरच आहे," आई गाल दाबत म्हणाली. "जाऊ दे दाढ. दुखणंही जाईल आणि त्याचं बोलणंही."

लेकीची नजर एक्स-रेत त्या दाढेच्या मागे सरकली. तिथे आणखी एक दाढ धडधाकट उभी होती.

"आई, दुखऱ्या दाढेच्या मागे जीभ फिरव. काय लागतंय?"

"काय लागणार? भगदाड. ती दाढ त्यानेच नाही का उपटली, तू शाळेत असताना?"

"मग ही कोणाची?"

आईने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं. "नवीन उगवली म्हणेल तो."

एकदा दुसऱ्याच कोणाच्या तरी दाढेत काम देखणं उतरलं होतं. मग तोच एक्स-रे सगळ्यांना त्यांचा म्हणून दाखवायचा. दर वेळी नव्याने कष्ट कोण घेणार? अर्थात, तेही काम मामाचंच असेल तर.

सकाळी लेकीने हॉस्पिटलात आईचा खरा एक्स-रे काढला. पांढरी रेघ अर्ध्या मुळातच थांबलेली, जणू मामाची जेवायची वेळ झाली होती. पुढे मूळ रिकामं आणि टोकाशी पू साचल्याचा काळा डाग. दाढ मात्र वाचण्यासारखी होती. वरिष्ठांनीही तेच सांगितलं.

रूट कॅनाल पुन्हा करून घ्यायला आई तिथल्याच खुर्चीत आडवी झाली. इंजेक्शनने ओठ जड होत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, कुठे राहिलीस? तुझ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवलीय."

"तूच बस तिच्यात," आई बोबडं बोलली, "आणि स्वतःचं रूट कॅनाल स्वतःच कर. बघू तुझी सहनशक्ती."

तिने फोन लेकीच्या हातात दिला आणि तोंड उघडलं.