हवालदार नानासोंचं माप

नानासो जगदाळ्यांच्या ट्रंकेत फौजेतलं एक कार्ड होतं. जवानाला कपडे-बूट देताना भरतात तसलं. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: कंबर तीस, बूट आठ नंबर, वजन बासष्ट किलो. खाली साहेबाची सही आणि गोल शिक्का. आता शिक्का असलेला कागद खोटा कसा असेल? हवालदार म्हणून रिटायर होऊन सतरा वर्षं झाली, तेवढ्या काळात घरच्या म्हशीचं दूध आणि बायकोच्या, सुलाबाईच्या हातचं जेवण त्यांच्या चांगलंच अंगी लागलं होतं. पण नानासोंचं माप म्हणजे ते कार्ड. फार झालं तर म्हणायचे, थोडा भरलोय.

बरं, त्यांचं तरी काय चुकलं? घरातला आरसा दाढीपुरता. पॅन्टी गावातल्या तानाजी शिंप्याकडच्या, आणि त्या एकदाही घट्ट झाल्या नाहीत. चपला सुलाबाई बाजारातून आणायच्या, त्याही पायात बिनतक्रार जायच्या. मग माणसानं आपण जाड झालोय हे ओळखायचं तरी कशावरून?

हे सगळं उघडकीला आलं ते नवसामुळं. कारगिलची लढाई चालली होती तेव्हा नानासो वर सरहद्दीवर होते आणि दोन महिने त्यांचं पत्र नव्हतं. सुलाबाईनं औदुंबरला जाऊन दत्ताच्या पायरीवर डोकं ठेवलं आणि सांगितलं, माझा मालक जिता येऊ दे, हितनं गाणगापूरपतुर पायी चालत येईल. नवस बोलली बायको आणि चालायचं नवऱ्यानं, असा तो सौदा. मालक जिते आले. मग बदली, मग रिटायरमेंट, मग घराचं बांधकाम, मग पोरीचं लग्न. दरवर्षी दत्तजयंती आली की नानासो म्हणायचे, पुढच्या साली नक्की. असं करत पंचवीस वर्षं उलटली आणि देवानं एकदाही तगादा लावला नाही.

यंदा मात्र डॉक्टरनं गुडघे तपासले आणि सांगितलं, हवालदार, चालायचं असेल तर आत्ताच चाला. घरी येऊन सुलाबाईनं एकच वाक्य टाकलं. म्हणाली, देवानं त्याचं काम तवाच केलं, आपलं तेवढं ऱ्हायलंय. त्यावर नानासोंना रात्रीचं जेवण गेलं नाही.

गावातली पदयात्रा लालासाहेब मास्तर न्यायचे. औदुंबर ते गाणगापूर, पावणेतीनशे किलोमीटर, बारा दिवस. मास्तर शिस्तीचे. आधी गावापासून पाटणपर्यंत अठरा किलोमीटरची सरावाची चाल. ती जमली तर पायी, नाही जमली तर भांड्यांच्या टेम्पोत. फॉर्मवर नानासोंनी वजन लिहिलं बासष्ट. मास्तरांनी चष्मा वर केला, नानासोंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, एका पायाचं का?

नानासोंनी ते मनावर घेतलं नाही. सामान घ्यायला एसटीनं साताऱ्याला गेले. राजवाड्याजवळच्या दुकानातला माणूस भला होता. त्यानं मोठ्यातली मोठी ट्रॅकपॅन्ट काढली, दहा नंबरचा बूट काढला आणि म्हणाला, काका, घालून बघा. झालं. नानासोंनी खिशातून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. फौजेत माप एकदाच घेत्यात, म्हणाले. बिचाऱ्यानं कार्ड वाचलं, शिक्का बघितला, नानासोंचं पोट बघितलं आणि कार्डाप्रमाणं सामान बांधून दिलं. शिक्क्यापुढं तो तरी काय बोलणार?

बूट पायात गेला, पण बोटं मुडपून. नवा बूट घट्टच असतो, चालून सैल होतो, असं नानासोंनी स्वतःलाच समजावलं. ट्रॅकपॅन्ट बाजेवर उताणं पडून, श्वास रोखून चढवली. पाठीवरच्या पिट्टूचा, म्हणजे फौजी पिशवीचा, पट्टा पोटावर बांधायचा होता. त्याची दोन टोकं वीतभर अंतरावरून एकमेकांकडं नुसती बघत राहिली. शेवटी नानासोंनी मधे म्हशीच्या दाव्याचा तुकडा बांधला आणि रविवारी पहाटे चालायला लागले.

पहिले तीन किलोमीटर छाती काढून गेले. चौथ्याला मांड्या एकमेकींना घासायला लागल्या. पाचव्याला ट्रॅकपॅन्ट मागून उसवली, ते बरंच झालं म्हणायचं, निदान श्वास तरी घेता आला. पण सहाव्या किलोमीटरला मांड्यांची सालं निघाली आणि अंगठा पेटला. नानासो उसाच्या बांधावर बसले ते बसलेच. मागून टेम्पो आला. हंडा आणि कांद्याच्या पोत्याच्या मधे बसून हवालदार घरी परतले. वाटेत पाटणकडं निघालेल्या चार ओळखीच्या माणसांनी रामराम केला, तो त्यांनी खाली मान घालून घेतला.

संध्याकाळी मास्तर घरी आले. आवाज मवाळ होता, पण नियम तोच. पुढच्या रविवारी शेवटची संधी, म्हणाले, नाहीतर टेम्पोत जागा धरून ठेवतो.

"मास्तर, नवस चालायचा हाय," नानासो म्हणाले. "टेम्पोतनं उतरून देवाला काय तोंड दावू?"

मास्तर गेल्यावर नानासोंनी सगळा राग ट्रॅकपॅन्टच्या कंपनीवर काढला. हल्ली सगळे कापड चोरतात, तीसच्या नावाखाली अठ्ठावीस शिवतात. तानाजीला बोलवा, म्हणाले, कार्डाच्या मापानं नीट पॅन्ट शिवून घेऊ. तानाजी आला. नानासोंनी त्याच्या हातात कार्ड दिलं. तानाजीनं ते वाचलं आणि सुलाबाईकडं बघितलं. सुलाबाईनं जमिनीकडं बघितलं. हा खेळ दोनदा झाला तेव्हा नानासोंना काहीतरी वास आला.

मग सगळं बाहेर पडलं. तानाजीनं नानासोंना टेप कधी लावलीच नव्हती. सुलाबाई मापाला जुनी पॅन्ट घेऊन जायची आणि सांगायची, ह्याच्यापेक्षा दोन बोटं सैल कर. पुढच्या साली नवी पॅन्ट मापाला, परत दोन बोटं. मधेच एखादी घट्ट वाटली तर रात्रीतून स्वतः उसवून आत पट्टी लावायची. पॅन्टीची आतली बाजू कोण बघतो? चपलांचंही तेच. आठ नंबर म्हणून दहाच्या आणायची.

तानाजीनं टेप लावली. बावन्न इंच.

नानासो खाटेवर बसले. खाट कुरकुरली, तीही त्यांना आज पहिल्यांदाच ऐकू आली. लढाईत दुश्मनाला पाठ न दाखवलेला माणूस, पण आता त्याला कुणाला तोंड दाखवू नये असं झालं. आख्ख्या गावाला दिसत होतं, मास्तरांना, दुकानदाराला, रस्त्यावरच्या पोरासोरांना, आणि आपण शिक्क्याचं कार्ड नाचवत फिरलो.

"तू तरी सांगायचं हुतंस," ते म्हणाले. "मला येड्यात काढलंस व्हय इतकी वर्सं?"

सुलाबाई पदरानं हात पुसत म्हणाली, "आवं, तुमी वरनं सुट्टीवर आला तवा कसं दिसत हुता, ठावं हाय का? गळ्याची हाडं वर आल्याली. पाठीवरनं हात फिरवला तर मणकं मोजून घ्यावं. ट्रंकेतली पॅन्ट घातली तर कमरंवर ठरंना, सुतळीनं बांधली म्या. त्या रात्री म्हटलं, द्येवा, ही पॅन्ट कवातरी घट्ट हू दे. मंग ती घट्ट झाली. म्या उसवली. दर साली उसवत ग्येले. एकेक इंच सुटला की हात जोडले. ते दुःख म्हणून तुमास्नी कशाला सांगू?"

तानाजी टेप गुंडाळायचं सोडून उंबऱ्याकडं बघत राहिला. नानासोंनी कार्ड उचललं, एकदा वाचलं आणि ट्रंकेत तळाशी घातलं.

दुसऱ्या दिवसापासून तयारी खऱ्या मापानं सुरू झाली. तानाजीनं बावन्नची सैल सुती पॅन्ट शिवली आणि आत घालायला गुडघ्यापर्यंतची मऊ चड्डी, सुलाबाईच्या जुन्या लुगड्याची, म्हणजे मांडीला मांडी लागायला नको. वर खोबरेल तेल. नानासो साताऱ्याला त्याच दुकानात परत गेले, पण या वेळी संध्याकाळी, दिवसभर चालून पाय सुजले की मगच बूट घ्यावा म्हणून. दुकानदाराला म्हणाले, भाऊ, माझंच चुकलं. दहाचाही चावला, साडेदहाचा बसला. पिट्टू घरी ठेवला आणि सामान खांद्याच्या झोळीत आलं.

रविवारी सगळे पाटणला पोहोचून चहा पिऊन, वर्तमानपत्र वाचून कंटाळले तेव्हा नानासो आले. घामानं चिंब, तोंड लालबुंद, पण पायांवर. सहाव्या किलोमीटरचा तो बांध त्यांनी न बसता ओलांडला होता, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मास्तरांनी फॉर्म पुढं केला. नानासोंनी बासष्टवर काट मारली आणि एकशे चौदा लिहिलं, ठळक.

औदुंबरला निघायच्या आदल्या दिवशी तानाजी दुसरी पॅन्ट घेऊन आला. म्हणाला, नाना, बारा दिवस चाललात की उतराल तुम्ही, म्हणून कमरेला जरा आवळूनच शिवलीय, आत जादा कापड ठेवलं नाही.

नानासोंनी पॅन्ट उलटी केली, पहिल्यांदाच. आतली शिवण बोटानं चाचपली. आत चुलीपुढं सुलाबाई वाटेसाठी दशम्या भाजत होती, तिच्याकडं एकदा बघितलं.

"उसव ती," ते तानाजीला म्हणाले. "आन् दोन इंच शिवणीत ठेव. उद्यापास्नं नवस फिटाय लागंल, पर हिला पुढं हात जोडाय काय तरी पायजेल की."