हळदीतलं नाव

हिप्परवाडीत लग्न ठरलं की पहिली सुपारी देवापुढं ठेवायची आणि दुसरी गाणारणींच्या घरी पाठवायची. सात बाया होत्या. त्यांच्या मेळ्याला नाव नव्हतं; गाव त्यांना नुसतं 'जात्यावरच्या' म्हणायचं. नळदुर्गापासून पाच कोसांवरचं हे गाव निम्मं मराठीत बोलायचं आणि निम्मं कानडीत भांडायचं, पण हळद दळायची ती या सातजणींच्या ओव्यांवरच. एकीनं ओवी सांगायची, बाकीच्यांनी झील धरायची, म्हणजे शेवटची ओळ उचलून पुन्हा म्हणायची.

त्यांचा एक नियम होता. घरातल्या प्रत्येक जित्या माणसाचं नाव हळदीच्या ओवीत आलंच पाहिजे, आणि मेलेल्याचं येता कामा नये. हा नियम घातला म्हाळसाबाईनं. मानमोडीच्या साथीत एका घरी तिनं नवरदेवाच्या चुलत्यावर अशी खुलवून ओवी गायली की बाया माना डोलवायला लागल्या. चुलता मात्र सकाळीच आटोपलेला. लग्न मोडू नये म्हणून घरच्यांनी त्याला आतल्या खोलीत झाकून ठेवला होता. म्हाळसाबाईनं ते मरेपर्यंत मनाला लावून घेतलं. तेव्हापासून दळायला बसण्याआधी घरच्या मालकिणीला विचारायचं, "नावं सांगा." तिनं जात्यावर हात ठेवून सांगायची. देवळात खोटं बोलणारी माणसं गावात पुष्कळ होती, जात्यावर हात ठेवून बोलणारं एकही नव्हतं.

आणि आता तसं खोटं बोलायची वेळ म्हाळसाबाईच्या सुनेवर, द्वारकाबाईवर आली होती. सासूमागं मेळ्याची म्होरकी तीच झालेली.

साल अठ्ठेचाळीसचं, वैशाख. निजामाचं राज्य शेवटचे आचके देत होतं आणि बुडता माणूस हातपाय झाडतो तसं झाडत होतं. द्वारकाबाईचा थोरला, बब्रुवान, सरहद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला कॅम्पात गेला होता, रझाकारांशी लढायला. ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, दर आठवड्याला बापाला, दगडोबाला, चावडीवर बसवून घ्यायचा. शेवटी फाल्गुनात दगडोबानं बयान दिलं, की पोरगा सोलापुरात पटकीनं मेला. खोटं पटावं म्हणून दहावाही घातला. नदीकाठी पिंड ठेवला आणि मेला कावळा टपून बसल्यासारखा लगेच शिवला. द्वारकाबाई तिथंच कावळ्याच्या अंगावर धावली. लोक म्हणाले, आईचं काळीज आहे.

गोष्ट नवरा-बायकोतच राहिली. भिंतीला कान असतात आणि मेळ्यात तर सात तोंडं होती.

मधली मुलगी तुळजाबाई, तिचं लग्न आधीच ठरलेलं. गेलेल्या माणसाचं वर्ष फिरायच्या आत लेक उजवावी, नाहीतर तीन वर्षं थांबावं, असं जाणती माणसं म्हणाली, आणि वैशाखातली तिथी धरली. हळदीच्या दिवशी सकाळीच ठाण्याचा म्हातारा जवान इमामसाब येऊन ओट्यावर बसला. अमीनाला दगडोबाचं बयान पटलं नव्हतं. गाणारणी कुणाकुणाचं नाव घेतात ते ऐकून ये, असा त्याला हुकूम होता. अमीन परमुलखाचा असला तरी जात्याची रीत त्याला कुणीतरी नीट समजावली होती. गाव म्हटलं की असलं एक कार्टं असतंच.

जात्याला हळदकुंकू लागलं, खुंट्याला आंब्याची पानं बांधली. विचारायचं काम गंगम्माचं. ती शेजारची, तेलाच्या दुकानवाल्या गुरुसिद्धप्पाची बायको. द्वारकाबाईच्या घराची आणि तिची भिंत एकच. वयानं थोरली, आवाज मेळ्यात सगळ्यात गोड, आणि मूलबाळ नाही. बाया आपापल्या लेकाची ओवीही सांगायच्या; ती फिरत फिरत गंगम्मापाशी आली की ती आजवर न चुकता भावाचं नाव घालून पुढं ढकलायची. बाया तेव्हा खाली बघायच्या.

"द्वारके, नावं सांग," गंगम्मा म्हणाली.

द्वारकाबाईनं जात्यावर हात ठेवला. दगड गार होता. तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं, दिराचं, धाकट्या लिंबाजीचं, पुतण्यांचं. मग ती थांबली. नाव घेतलं तर आज दुपारच्या आत नवऱ्याच्या हातात बेड्या. नाही घेतलं तर तिनं तिच्याच तोंडानं, तिच्याच जात्यावर, जित्या लेकाला मेल्यांत घातलं. तिकडं कुठल्या झाडीत बंदुकीसमोर उभा असेल तो! आणि इथं आईनंच त्याचं नाव पुसायचं?

"बास. एवढीच," ती म्हणाली.

गंगम्मानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि खुंटा धरला.

दळण सुरू झालं. नवऱ्याची ओवी झाली, दिराची झाली, लिंबाजीची झाली. द्वारकाबाई सांगत होती, बाया झील धरत होत्या, पिवळं पीठ कडेनं सांडत होतं. ओट्यावर इमामसाब गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होता. नावं संपली. शेवटची मूठ जात्यात पडली. द्वारकाबाईनं खुंट्यावरचा हात सोडला.

तेव्हा गंगम्मानं एकटीनं जातं ओढलं आणि उचलली ओवी:

"हळकुंडाचा गं कोंब, कोंब मातीच्या कुशीत
माझा बब्रुवान बाळ, जिथं असंल तिथं खुशीत"

झील कुणीच धरली नाही. बायांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि खरं सांगायचं तर द्वारकाबाईच्या मनात आधी भीती आली नाही, राग आला. माझं तोंड शिवलेलं, आणि ही माझ्या लेकाला 'माझा' म्हणते!

इमामसाब उठून दारात आला. "बाई, कुणाचं नाव घेतलं?"

"माझ्या लेकाचं," गंगम्मा जातं न थांबवता म्हणाली.

"तुमच्या? मला या ठाण्याला चार सालं झाली. तेल तुमच्याच दुकानातनं नेतो. तुमचा लेक कधी दिसला न्हाय मला."

"कसा दिसंल? मलाच अजून दिसला न्हाय." तिचा आवाज जराही हलला नाही. "तीस वर्सं झाली वाट बगते. पोटाला आला न्हाय म्हणून नाव बी ठिवू नको म्हणता का? ह्या द्वारकीचा गेला, नाव मोकळं झालं, म्या घेतलं. लिवा तुमच्या कागदावर."

वीस-बावीस लग्नांत जी गोष्ट झाकून भावाच्या नावाखाली दडपली, ती तिनं एका परक्या पुरुषासमोर, लग्नघरी, चारचौघांत उघडी केली. वांझ म्हणून उद्या कुणी तिला हळदीला बोलावणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. द्वारकाबाईचा राग तिथल्या तिथं विरघळला आणि तिला स्वतःची लाज वाटली.

इमामसाबनं पागोटं सारखं केलं. त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. "लिवायचं काय त्यात," तो म्हणाला. "द्वारकाबाईच्या थोरल्याचं नाव काय आलं न्हाय, एवढंच सांगतो साहेबाला. जरा पाणी द्या." पाणी पिऊन तो निघून गेला.

मग द्वारकाबाईनं झील धरली. एकटीनं. 'जिथं असंल तिथं खुशीत.' तिच्या मागून बाकीच्या पाच.

संध्याकाळी भिंतीशी तिनं विचारलं, "अक्का, तुमाला ठावं होतं?"

"पहाटं तू दळतीस ते ऐकू येतंय की मला. थोरल्याची ओवी आली की तू नाव न घेता नुसती गुणगुणतीस. मेल्याची जागा कुणी मोकळी ठिवत नसतंय गं."

गणपती उठल्यावर राज्य बुडालं. दसऱ्याच्या आत बब्रुवान घरी आला, एक पाय ओढत, पण आला. पुढच्या साली त्याचं लग्न निघालं. गंगम्माच्या घरी सुपारी गेली ती तिनं तशीच परत पाठवली. त्या दिवसानंतर तिला कुणी हळदीला बोलावलंच नव्हतं आणि तीही कुणाकडं गेली नव्हती. तेव्हा द्वारकाबाई स्वतः गेली, आणि मनगटाला धरून तिला जात्यासमोर आणून बसवलं. दोघी-तिघी कुजबुजल्या. द्वारकाबाईनं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं.

"इचारा, अक्का."

"नावं सांग," गंगम्मा कशीबशी म्हणाली.

द्वारकाबाईनं जात्यावर हात ठेवला. "नवरदेव बब्रुवान. बाप दगडोबा. आया दोन." आणि खुंटा गंगम्माच्या हातात दिला. "पयली ओवी थोरल्या आईची."

गंगम्मानं तोंड उघडलं. जिचा आवाज जवानापुढं हलला नव्हता, तिला आज शब्दच फुटेना. पदर तोंडाला लावून ती नुसती जातं ओढत राहिली. सहाजणींनी पुढं ओवी नसतानाच तिचीच जुनी झील धरली, 'जिथं असंल तिथं खुशीत.'