बत्तीस पास

आनंदरावाने चहा घेतला, पाऊसपाण्याची चौकशी केली, पण कशासाठी आलो ते काही सांगेना. आंबवड्याहून दोन एसट्या बदलून पासलीला कुणी नुसतं चहाला येत नाही, एवढं सिद्धनाथला कळत होतं.

दोघेही पुण्याच्या विमानतळावर लोडर. अकरा वर्षं विमानांच्या पोटात लोकांच्या बॅगा भरल्या, स्वतः एकदाही विमानात बसले नाहीत. ठेकेदार कंपनीने कायम करायचं नाकारलं तसं बत्तीस जणांनी काम थांबवलं. बोलणी चिघळली. कुणी एकटा फुटून आत जाऊ नये म्हणून सगळ्यांनी गेटचे पास सिद्धनाथच्या हवाली केले. पासलीसारख्या आडगावात पास मागायला कोण जातंय, असं म्हणणाऱ्यांत आनंदरावच पुढे होता.

"मंगलचं डायलिसिस हाय," तो शेवटी म्हणाला. मंगल त्याची बायको. "कंपनीनं दवाखान्याचं कार्ड बंद केलंय. सोमवारी सही करून आत गेलो तर चालू करत्यात."

सिद्धनाथची बायको सुलक्षणा दारात उभी होती. एक पास दिला की बाकीच्यांना काय तोंड दाखवणार, असं ती म्हणाली. तिचं खरंच होतं. सिद्धनाथला संताप आला, पण तो आनंदरावाचा नव्हता. कंपनीने नेमकी दुखरी जागा हेरून बोट घातलं होतं.

भाताच्या लावणीला पासलीत सावड करतात. सगळे मिळून एकेकाचं शेत लावून काढतात.

"सावडीत ज्याचं रोप पिवळं पडतंय त्याचं शेत आदी लावत्यात," सिद्धनाथ म्हणाला आणि आतून पास आणून दिला.

"कुणाकडं हुता म्हणून इचारलं तर?"

"माजं नाव सांग. खोटं बोलून तू अडकू नगंस."

कंपनीने विचारलंच, आणि आनंदरावाने नाव सांगितलं. दुसऱ्याचे पास घरी ठेवणं नियमाच्या विरुद्ध आहे, हे बत्तीस जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आठ दिवसांनी कंपनीचा कागद आला: थोडी पगारवाढ, कायम कुणीच नाही, आणि सिद्धनाथ सोडून सगळे आत.

सगळे टेम्पो करून पासलीला आले. सिद्धनाथशिवाय सही करायची नाही, असं ठरवूनच आले होते. आनंदराव टेम्पोतून उतरेना. सुलक्षणाने त्याचा चहा तिथेच नेऊन दिला.

सिद्धनाथने एकेकाला घरी कसं भागतंय ते विचारलं. ओढाताण सगळीकडेच होती; खोटं कुणालाच बोलता आलं नाही. मग त्याने सह्या करा म्हणून सांगितलं. त्यावर बराच वाद झाला, त्यांच्यातला गेनू तर रडायलाच लागला. सिद्धनाथने पास आणून सतरंजीवर ठेवले.

"घ्या की. टेम्पोवाला खोळंबलाय."

कुणी हात पुढे करेना. तेव्हा तोच उठला आणि एकेकाचं नाव वाचून ज्याचा पास त्याच्या गळ्यात घालू लागला.