बारापैकी दोन

ताईने कॉम्प्युटर चालू करताच डिलीटची कळ दाबून धरली आणि बाथरूमच्या दाराकडे कान लावला. आत पाणी पडत होतं आणि खारू सूर सोडून, अगदी मोकळ्या गळ्याने गात होती. आज केस धुवायचे होते, म्हणजे ती इतक्यात बाहेर येणार नव्हती.

खारूच्या नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर सेटिंगची निळी चौकट उघडली. प्रोसेसरमधले किती कोअर, म्हणजे काम वाटून घेणारे किती भाग, चालू ठेवायचे ते ठरवायची जागा ताईला नेमकी माहीत होती. समोर बारा होते. तिने आठ केले, बदल जतन केला आणि खुर्ची होती तशी तिरकी करून ठेवली.

खारू तिची धाकटी बहीण. लहानपणी पुढचे दोन दात मोठे दिसायचे म्हणून हे नाव पडलं होतं. दात आता चेहऱ्यात सामावून गेले होते, नाव तेवढं उरलं होतं. मागच्या महिन्यात बाबांनी तिला गेम खेळायला हा बारा कोअरचा कॉम्प्युटर जोडून दिला. ताईचा सहा कोअरचा जुना कॉम्प्युटर त्याच खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर होता.

बारा आणि सहा, ही तक्रार चारचौघांत सांगायला बरी होती. ताईला खरी खुपत होती ती डबी.

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे. बोटभर लांबीच्या स्क्रू ड्रायव्हरांची त्यांची एक गोल पत्र्याची डबी होती. ताईचा कॉम्प्युटर जोडला तेव्हा ती डबी तिच्या मांडीवर होती. बाबा मान न वळवता हात मागे करायचे आणि ती बरोबर हवा तो स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या तळव्यावर ठेवायची. या वेळी तिची परीक्षा होती. पाणी प्यायला उठली तेव्हा दाराच्या फटीतून तिला दिसलं: दोघं जमिनीवर बसले होते, बाबांचा हात तसाच मागे आला होता आणि डबी खारूच्या मांडीवर होती. ताई पाणी न पिताच परत गेली.

“गेमला बारा कशाला लागतात?” तिने त्या रात्री जेवताना विचारलं होतं.

“नाहीच लागत,” बाबा म्हणाले. “एका खोलीला रंग द्यायला बारा माणसं घुसवलीस, तर निम्मी दारातच उभी राहणार. चित्रं काढायचं काम तर वेगळं कार्ड करतं. आमच्याकडे येतात ना लोक, म्हणतात, जास्त नंबरची काच द्या, जास्त दिसेल. अरे बाबा, डोळ्याला लागतो तेवढाच नंबर द्यायचा असतो!”

“मग तिला बारा का?”

“दुकानात तोच शिल्लक होता, बाई माझे.”

खारू खुदकन हसली. ताईने घास तसाच ठेवून ताट उचललं.

आठ कोअरवर खारूला काही कळलं नाही. पुढच्या वेळी ताईने सहा केले. तेव्हाही खारू कानांना हेडफोन लावून, पाय खुर्चीवर घेऊन किल्ला लढवत राहिली. वर ओरडून म्हणाली, “काय लोण्यासारखा चालतो गं ताई! तू पण खेळून बघ ना एकदा.”

“मला अभ्यास आहे.”

इथे थांबायला हरकत नव्हती. खारूचा कॉम्प्युटर आता ताईच्या कॉम्प्युटरइतकाच होता आणि तरी खेळ अडत नव्हता. म्हणजे ताईजवळ कधी काही कमी नव्हतंच. पण खारूच्या चेहऱ्यावरचा आनंद तसूभरही कमी झाला नव्हता. ताईने चार केले. मग, खारू क्लासला गेली असताना, दोन.

आता खेळ दर थोड्या वेळाने अडखळू लागला. शत्रू दारात दिसायचा, चित्र गोठायचं आणि पुन्हा हललं की खारू मेलेली असायची. हा गेम खेळणाऱ्या शाळेतल्या मुलींच्या संघात एक जागा रिकामी होती आणि त्यासाठीची निवड शनिवारी होती. हेडफोनमधून मैत्रिणींचा ओरडा ताईच्या टेबलापर्यंत ऐकू यायचा. “अगं मार ना! झोपलीस का?” खारू आधी त्यांच्याशी भांडायची. मग नुसतं “सॉरी, सॉरी” म्हणू लागली. ताई पुस्तकात डोकं घालून तेच पान पुन्हा पुन्हा वाचायची.

शुक्रवारी संध्याकाळी खारूने हेडफोन काढून ठेवले आणि ती भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडवी झाली. बाबा दारात आले. हातात कोणाचा तरी चष्मा होता, एक काडी निखळलेली.

“ताई, हिचा कॉम्प्युटर बघतेस का गं जरा? मघापासून अडकतोय. घरात तुझ्याइतकं कोणाला कळतंय त्यातलं?”

हे वाक्य ऐकायला ताई महिनाभर झुरली होती. आता ते कानावर पडलं तर तिला मान वर करवेना.

“त्याला काही झालेलं नाही, बाबा,” खारू भिंतीशीच बोलली. “एवढा बारा कोअरचा आहे तो! मीच ढ आहे. माझी बोटंच हळू चालतात.”

“बघू दे तर तिला,” म्हणत बाबा बाहेरच्या खोलीत गेले.

ताई खारूच्या खुर्चीत बसली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा, आकडा बदलायचा, संपलं. बहिणीला दोन मिनिटं बाहेर पाठवलं की झालं.

“खारू, मला जरा पाणी आणतेस?”

खारू उठून बसली. डोळे लाल होते. “तूच घे हा कॉम्प्युटर. मी उद्या जाणारच नाही. तुला शोभतो तरी.”

“वेड्यासारखं काय बोलतेस?”

“खरंच. बाबांना पण तूच हवी होतीस. जोडताना मला सारखं ताईच म्हणत होते. ताई, बारका दे. ताई, उजेड इकडे धर. दोनदा सांगितलं, अहो बाबा, मी खारू. मग सांगायचंच सोडलं.” तिने फ्रॉकच्या बाहीला नाक पुसलं. “म्हटलं, संघात घेतलं की म्हणतील नीट खारू.”

ती पाणी आणायला निघाली. ताईचा हात कॉम्प्युटरच्या बटणावर होता. तो तिने काढून मांडीवर ठेवला.

“थांब. पाणी नको. इथे बस.”

“मी कशाला?”

“बस म्हणते ना.” ताईने उठून खुर्ची तिच्याकडे केली आणि स्वतः मागे उभी राहिली. “आता बंद करून पुन्हा चालू कर. आणि लगेच ही कळ दाबून धर.”

निळी चौकट उघडली. ताईने कुठे जायचं ते बोटाने दाखवलं. खारू ओठ हलवत एकेक ओळ वाचत खाली आली आणि थांबली.

“इथे दोन आहेत.”

“हो.”

“पण बारा असतात ना?”

“हो.”

“मग हे कोणी...”

खारूने मान वळवून वर पाहिलं. ताईने नजर चुकवली नाही.

“ताई, सापडलं का काही?” बाहेरून बाबांनी विचारलं.



“सापडलं, बाबा,” खारू म्हणाली. ती अजून ताईकडेच बघत होती. मग पडद्याकडे वळून, हळू आवाजात म्हणाली, “आता बारा कसे करायचे ते दाखव.”