टेबलाखालच्या बारा चिमण्या

"टाळी वाजली की माती उडते!" कुरुवी सामी गरजला. कुरुवी म्हणजे चिमणी. तंजावूरच्या त्या अंगणात दीडशे माणसं श्वास रोखून बसली. टेबलावर मातीच्या बारा चिमण्या. शेजारच्या घंगाळात बाळ येशूची मूर्ती बुडवलेलं स्नानजल.

"जुन्या पोथीत लिहिलंय! बाळानं चिमण्या केल्या, टाळी वाजवली, उडाल्या! त्याच्या न्हाणाच्या पाण्यानं कोड गेलं, तर तुमची शुगर ती काय! शुगर रक्तात नसते, शंकेत असते!"

पहिल्या रांगेत माझी नणंद नागलक्ष्मी. दोन दिवस तिनं इन्सुलिन घेतलं नव्हतं. ओठ सुकलेले, डोळे ओढलेले.

"चल गं डॉक्टरकडे."

"वहिनी, तू रोज व्रतं करतेस आणि माझ्याच चमत्कारावर शंका?"

शेजारच्या अरुळमेरी टीचर पुटपुटल्या, "ही गोष्ट आमच्या बायबलातल्या चार शुभवर्तमानांत नाही. प्रभूचं बालपण कसं असेल, ही लोकांना ओढ. कुणीतरी मागाहून लिहिली. मग चित्रांत आली, आणि खरीच वाटू लागली."

"आमच्या बाळकृष्णाच्या खोड्यांसारखी, लाडाची."

"लाडाचीच. औषधाची नव्हे."

दुपार झाली होती. चिमण्यांना भात घातल्याशिवाय मी जेवत नाही. डब्यातला भात टेबलामागच्या कट्ट्यावर ठेवला. छपरावरच्या चिमण्या उतरल्या, चिवचिवल्या.

टेबलाखालून उत्तर आलं.

सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. मातीच्या बाराही जणी चोच मिटून.

"जीव... जरा लवकर आला," सामीनं घाम पुसला.

"मग आवाज खालून का येतो, सामी?" मी हळूच विचारलं.

टीचरनी टेबलाची झालर उचलली. खाली पिंजरा, त्यात बारा चिमण्या! वरची फळी खिट्टीवर फिरणारी. रुमाल झाकायचा, टाळी वाजवायची. फळी उलटून चिकटवलेली माती खाली, पिंजरा उघडा.

"आणि पाणी?" नागलक्ष्मीनं घंगाळाकडे बोट केलं.

घंगाळाला मागून बागेची नळी जोडलेली होती.

सामी म्हणाला, "नळीतही देवच असतो!" पण ऐकायला कुणी थांबलं नाही.

"ऑटो बोलाव, वहिनी." वाटेत ती माझ्या खांद्यावर कलली. "तुझं व्रत फळलं गं."

"व्रत चिमण्यांसाठी होतं. तुझ्यासाठी सुई आहे."

देवाच्या बालपणीच्या गोष्टी मलाही आवडतात. मी त्या रोज आळवते. पण बायांनो, गोष्ट ऐका, हात जोडा, आणि इन्सुलिन वेळेवर घ्या. शिवाय, कुणी चमत्कार दाखवलाच, तर आधी टेबलाखाली वाकून पाहा.